अमेरिकेत कॉलेज बदलताना खर्च किती आणि धाकधूक किती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीने दुसरं वर्ष संपताना कॉलेज बदललं. त्याच्या कितीतरी वर्षं आधी मीही बदललं होतं, एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, कुणाला काही विचारायची सोय नसताना. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की ओळखीतल्या एखाद्या घरून फोन येतोच. सुरुवात ठरलेली, आवाज खाली आणून: "अगं, अजून कुणाला बोललो नाही आहोत, पण..." पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे. हे सगळं बॅचलर्स डिग्रीपुरतं आहे, मास्टर्सचं गणित वेगळं.

कॉलेज बदलायचं म्हणजे पोर तिथे टिकलं नाही, असंच ना?

नाही. कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या, कमी फीच्या कॉलेजात) दोन वर्षं काढून मग विद्यापीठात जाणं हा इथला रुळलेला रस्ता आहे. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाने तर त्यासाठी कायदेच केले आहेत. चार वर्षांच्या एका कॉलेजातून दुसऱ्या चार वर्षांच्या कॉलेजात जाणारेही काही कमी नाहीत. कारणं साधी असतात. हवा तो मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, तिथे नाही, फी झेपत नाही, घरी कुणी आजारी आहे, किंवा ते गावच मानवलं नाही. चारचौघांना उत्तर द्यायचंच असेल तर "मेजर बदलला" एवढं पुरतं. पुढे कुणी विचारत नाही.

नुसते अर्ज करायला किती पैसे लागतात?

आमचा हिशोब सांगते. फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या एका कागदावर तो वाढत गेला. पाच कॉलेजं, अर्जाच्या फीचे ३८० डॉलर. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, दोन ठिकाणच्या लागल्या, कारण उन्हाळ्यात मुलीने घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक विषय केला होता. दोन ठिकाणच्या, पाच कॉलेजांना, एकीला १० डॉलर, म्हणजे १००. तीन कॉलेजांनी आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या उत्पन्नाचा फॉर्म मागितला. त्याचे पहिल्या कॉलेजाला २५ आणि पुढच्या प्रत्येकाला १६, म्हणजे ५७. बेरीज ५३७ डॉलर. दोन कॉलेजं बघायला गेलो ते विमान आणि हॉटेल यात नाही. ते धरलं तर आकडा दुपटीच्या वर जातो, आणि खरं सांगायचं तर त्यातली एक फेरी निव्वळ हौस होती.

चार वर्षांच्या पुष्कळ कॉलेजांची अर्जाची फी ५० ते ९० डॉलरच्या घरात असते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे यूसीची, प्रत्येक कॅम्पसला ८० डॉलर आणि परदेशी विद्यार्थ्यांना ९५. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची, म्हणजे सीएसयूची, ७०. "अर्ज एकच असतो" हे ऐकून लोक निर्धास्त होतात. फॉर्म एकच असतो हे खरं, पण जितक्या कॅम्पसपुढे खूण कराल तितक्यांदा फी. एपी परीक्षांचे (शाळेत असताना दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचे) गुण नव्या कॉलेजाला कॉलेज बोर्डाकडून पुन्हा पाठवावे लागतात, त्याचे एका कॉलेजाला १५ डॉलर. हा खर्च कुणाच्याच लक्षात राहत नाही.

थोडी बचतही करता येते. कित्येक कॉलेजांना अर्जाच्या वेळी साधी, स्वतः डाउनलोड केलेली ट्रान्सक्रिप्ट चालते आणि अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर लागते. यूसीला तर अर्जात विषय आणि ग्रेड स्वतःच भरायच्या असतात. हे आधी वाचलं असतं तर त्या १०० डॉलरमधले निम्मे तरी वाचले असते.

अर्जाची फी माफ होते का?

होते, आणि लोक विचारत नाहीत म्हणून राहून जाते. कॉमन ॲप, म्हणजे एकाच वेबसाइटवरून अनेक कॉलेजांना अर्ज करायची सोय, तिच्या ट्रान्सफर (कॉलेज बदलणाऱ्यांच्या) अर्जात फी माफीचा भाग असतो. नॅकॅक या समुपदेशकांच्या संघटनेचा ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी वेगळा फॉर्म आहे. यूसी आणि सीएसयू उत्पन्न बघून चार कॅम्पसपर्यंतची फी सोडतात, मात्र परदेशी विद्यार्थ्यांना ही सवलत नाही. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याच्या घरचं उत्पन्न वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत असेल तर पदवीसाठी सीएसएस प्रोफाइल फुकट आहे. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, सगळ्यांनाच फुकट असतो. फाफ्सा भरायचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे, लगेच बंद करा.

यातल्या कशातच बसत नसाल तर ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा ईमेल करा: फी भरणं अवघड आहे, माफी मिळू शकेल का? आपल्या लोकांना याची फार लाज वाटते. त्या ऑफिसातल्या माणसाला ते ईमेल रोज येत असतात.

मग सगळ्यात मोठा खर्च कुठला?

वाया गेलेल्या क्रेडिटचा, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणाऱ्या एककांचा. बाकी सगळं त्यापुढे चिल्लर.

२०१७ मध्ये अमेरिकन संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने याचा अहवाल काढला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी त्यात आहे. या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या कॉलेजात धरलेच गेले नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांचेही ३७ टक्के गेले.

यात एक खोच आहे, ती नीट समजून घ्या. क्रेडिट "स्वीकारणं" आणि क्रेडिट डिग्रीला "लागू होणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मुलीचे ५८ क्रेडिट होते. पत्र आलं: ४९ स्वीकारले. घरात आनंद, मी आईला भारतात फोनसुद्धा केला. मग जूनमध्ये ॲडव्हायझरने डिग्री ऑडिट, म्हणजे डिग्रीसाठी काय झालं आणि काय उरलं याचा तक्ता, उघडून दाखवलं. त्या ४९ पैकी ३३च डिग्रीच्या कुठल्या तरी रकान्यात बसले होते. बाकीचे तळाशी "जनरल इलेक्टिव्ह" या नावाखाली एका राखाडी चौकोनात होते. तिच्या मेजरमध्ये इलेक्टिव्हला तेवढी जागाच नव्हती. तिचा चार क्रेडिटचा स्टॅटिस्टिक्सचा विषय, ज्यात तिला ए होता, तोही त्याच चौकोनात. "यू हॅव द क्रेडिट्स, दे जस्ट डोन्ट काउंट," असं तो ॲडव्हायझर अगदी गोड आवाजात म्हणाला.

अपील केल्यावर स्टॅटिस्टिक्स परत मिळालं, म्हणजे शेवटी ३७. तरी ५८ मधले २१ गेलेच. सहा क्रेडिट तिने उन्हाळ्यात भरून काढले आणि उरलेल्या पंधरांसाठी एक अख्खं सेमेस्टर जास्त राहिली. त्या सेमेस्टरची फी, खोलीचं भाडं, मील प्लॅन आणि नोकरी सहा महिने लांबली ते, यातलं काहीच फ्रिजवरच्या कागदावर नव्हतं. त्यावर होते ५३७ डॉलर, आणि आम्ही त्याच आकड्यावरून भांडत होतो.

क्रेडिट धरले जातील की नाही हे आधी कसं कळणार?

पूर्ण खात्री प्रवेशानंतरच होते, पण बराचसा अंदाज आधी बांधता येतो. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाची वेबसाइट आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजातला कुठला विषय यूसी किंवा सीएसयूच्या कुठल्या विषयाच्या बरोबरीचा आहे, ते तिच्यावर मेजरनुसार दिसतं. फ्लोरिडात सरकारी कॉलेजांच्या विषयांना सामायिक क्रमांक असतात, त्यामुळे तिथे राज्यातल्या राज्यात हा गोंधळ कमी. इतर ठिकाणी नव्या कॉलेजाच्या रजिस्ट्रारच्या (विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसच्या) पानावर तुमच्या कॉलेजाचं नाव टाकून शोधा. पूर्वी कुणी तिथून आलं असेल तर त्यांचे विषय कसे धरले ते सापडतं.

तुमचं कॉलेज त्या यादीत नसेल तर सिलॅबस हाच पुरावा. आठवड्याला काय शिकवलं, पुस्तक कुठलं, लॅबचे तास किती, हे सगळं असलेला प्रत्येक विषयाचा सिलॅबस सेमेस्टर चालू असतानाच पीडीएफ करून ठेवा. सेमेस्टर संपलं की पोर्टल बंद होतं, आणि मग त्या प्रोफेसरांना शोधत फिरावं लागतं. आमचं अपील अकरा पानांच्या सिलॅबसवर जिंकलं, आणि ती अकरा पानं मिळाली कारण मुलीने ती कधीतरी छापून दप्तरात कोंबली होती.

विचारताना प्रश्न असा विचारा: "हा विषय माझ्या मेजरच्या कुठल्या आवश्यकतेसाठी धरला जाईल?" "हा ट्रान्सफर होईल का?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येईल, आणि तो राखाडी चौकोन नंतर दिसेल. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको. सीपेक्षा कमी ग्रेड असलेले विषय बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. शिवाय ठरावीक क्रेडिट, पुष्कळ ठिकाणी किमान ३० आणि काही ठिकाणी निम्मे, आमच्याच इथे करा असा प्रत्येक कॉलेजाचा नियम असतो. म्हणून तिसरं वर्ष संपल्यावर बदलायचं डोक्यात असेल तर आधी हा आकडा बघा, बहुधा विचारच सोडून द्याल.

जीपीए बरोबर येतो का?

प्रवेश देताना सगळा जुना जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, बघतात. आत गेल्यावर मात्र क्रेडिट येतात आणि ग्रेड मागे राहतात, नवा जीपीए बहुतेक ठिकाणी शून्यापासून सुरू होतो. ज्याचा जुना ३.९ होता त्याला हे जिव्हारी लागतं, ज्याचा २.६ होता तो पेढे वाटतो.

स्कॉलरशिप आणि आर्थिक मदत नव्या कॉलेजात आपोआप जाते का?

नाही, काहीच आपोआप जात नाही. फाफ्सात नव्या कॉलेजाचा कोड टाकावा लागतो (एका वेळी २० कॉलेजांपर्यंत टाकता येतात), आणि मग ते कॉलेज स्वतःचा प्रस्ताव नव्याने करतं. जुन्या कॉलेजाने दिलेली स्कॉलरशिप तिथेच संपते. सगळ्यात जास्त निराशा मेरिट स्कॉलरशिपची होते. मोठ्या रकमा बहुतेक करून पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात आणि ट्रान्सफरला त्यातलं थोडंच उरतं. त्यामुळे "आत्ता तिथे २० हजार मिळतात, इथेही तेवढे देतीलच" या हिशोबावर पाऊल उचलू नका. प्रस्ताव हातात पडेपर्यंत जुन्या कॉलेजाला सोडतोय म्हणून कळवूही नका.

कम्युनिटी कॉलेजातून गेलं तर खरंच स्वस्त पडतं?

दोन वर्षांची फी वाचते, म्हणून होय, पण विषय पहिल्या दिवसापासून नव्या मेजरकडे बघून निवडले तरच. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही कम्युनिटी कॉलेजातली पदवी सुरू झाली. ती केली की सीएसयूमध्ये कुठे तरी जागा नक्की मिळते, हव्या त्या कॅम्पसला मिळेलच असं नाही. यूसीची टॅग नावाची हमी योजना सहा कॅम्पसपुरती आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. हमी एकाच कॅम्पसची घेता येते आणि तो फॉर्म सप्टेंबरअखेर भरायचा असतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. ही तिन्ही नावं मनात धरून "टॅग आहे ना" म्हणत बसलेली मुलं मी बघितली आहेत.

अर्ज कधी करायचे?

फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सेमेस्टरसाठी, पुष्कळ कॉलेजांची तारीख मार्चमध्ये असते, काहींची फेब्रुवारीत. यूसी आणि सीएसयू मात्र आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज घेतात. जानेवारीत जाग आलेल्यांची गाडी चुकलेली असते. कॉमन ॲपवर शेवटची वेळ रात्री ११:५९ची असते. तरीही ११:५८ला पैसे भरायला जाऊ नका. आमचं कार्ड त्या मिनिटाला बँकेने "संशयास्पद व्यवहार" म्हणून अडवलं होतं.

प्रोफेसरांना काय सांगू? मी सोडून जातोय म्हणून शिफारस द्या, हे कसं मागायचं?

सरळ मागायचं. बहुतेक प्रोफेसरांनी अशी पत्रं पूर्वी लिहिलेली असतात. ऑफिसच्या वेळेत जाऊन, दारात उभं राहून नव्हे तर बसून, "माझा मेजर इथे नाही म्हणून अर्ज करतोय, तुमच्या वर्गातलं काम मला उपयोगी पडलं, लिहाल का?" एवढं बोला. तारखेच्या महिनाभर आधी.

हातातल्या कॉलेजाला कळेल का, हा यातला खरा प्रश्न असतो. कळतं. कॉमन ॲपमधून अर्ज करताना काही कॉलेजं "कॉलेज रिपोर्ट" मागतात. तो सध्याच्या कॉलेजाच्या डीनने किंवा रजिस्ट्रारने भरायचा असतो, विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई वगैरे झाली आहे का ते त्यात असतं. "मिड-टर्म रिपोर्ट"वर चालू विषयांच्या ग्रेड प्रोफेसर स्वतः लिहून देतात. पण यामुळे कुणी डूख धरून ग्रेड कमी केली असं मी तरी पाहिलेलं नाही. रूममेटला मात्र तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. माझ्या मुलीचं तेवढं एक चुकलं.

जुन्या कॉलेजाने ट्रान्सक्रिप्ट अडवली आहे. आता?

काही बाकी असेल तर कॉलेज खात्यावर "होल्ड" टाकतं आणि ट्रान्सक्रिप्ट निघत नाही. माझं असंच झालं होतं. पार्किंगचा ३५ डॉलरचा दंड, जो माझा नव्हताच. गाडी मैत्रिणीची, परमिट माझ्या नावावर. तो दंड कुणी लावला हे शोधण्यात नऊ दिवस गेले. पार्किंगवाले बर्सरकडे, म्हणजे फीच्या ऑफिसकडे, पाठवत, बर्सर पार्किंगकडे. शेवटी मी वैतागून ३५ डॉलर भरले, तेव्हा कळलं की होल्ड निघायला आणखी दोन कामाचे दिवस लागतात. अर्ज पोचला, पण जेमतेम वेळेत.

म्हणून अर्जाचा विचार मनात आला त्याच दिवशी विद्यार्थी पोर्टलमध्ये "होल्ड्स" उघडून बघा. लायब्ररीचं पुस्तक, लॅबची फुटलेली नळी, लसीकरणाचा न दिलेला कागद, काहीही निघू शकतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून थकबाकीसाठी ट्रान्सक्रिप्ट अडवायला कायद्याने बंदी आहे, आणि नंतर इतर काही राज्यांनीही असे कायदे केले. तुमच्या राज्यात काय आहे ते रजिस्ट्रारला लेखी विचारा. लेखी विचारलं की उत्तरं जरा लवकर येतात.

एका कॉलेजात फक्त एकच विषय केला होता, तोही नापास. तो दाखवलाच पाहिजे?

हो. शाळेत असताना केलेले कॉलेजचे विषयसुद्धा. लपवलेलं नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसच्या (कुणी कुठल्या कॉलेजात शिकलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदींतून बाहेर येऊ शकतं, आणि मग दिलेला प्रवेशही काढून घेतात. नापासाचं कारण दोन वाक्यांत लिहा आणि सोडून द्या.

एफ-१ व्हिसावर कॉलेज बदलता येतं का? सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी पुन्हा भरायची?

येतं. पद्धत अशी: आधी नव्या कॉलेजाचा प्रवेश हातात घ्यायचा. मग जुन्या कॉलेजातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, ते पत्र देऊन "ट्रान्सफर रिलीज डेट" ठरवायची. त्या दिवशी सेव्हिसमधली तुमची नोंद नव्या कॉलेजाकडे जाते आणि ते नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, देतात. नवे वर्ग पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. नोंद तीच राहते, त्यामुळे सेव्हिसची, म्हणजे आय-९०१ची, ३५० डॉलर फी पुन्हा भरावी लागत नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर त्यावर जुन्या कॉलेजाचं नाव असलं तरी चालतं, बरोबर नवा आय-२० ठेवायचा.

घोळ होतो तो रिलीज डेटचा. त्या तारखेपासून जुन्या कॉलेजातली कॅम्पसवरची नोकरी बंद. उन्हाळ्यात लायब्ररीत काम करायचं ठरवलं असेल तर तारीख त्यानुसार पुढे घ्या. आणि एकदा ती तारीख उलटली की जुना डीएसओ काही करू शकत नाही, म्हणून पाच कॉलेजांतून कुठे जायचं हे पक्कं झाल्याशिवाय तारीख देऊ नका. व्हिसाचे नियम बदलत असतात. मैत्रिणीने काय केलं होतं यावर (माझ्यावरसुद्धा) विसंबू नका, डीएसओला विचारा.

सेमेस्टर मध्येच सोडून दिलं तर निदान फी तरी वाचेल?

बहुतेक वेळा उलटं होतं. सेंट्रल सरकारची मदत घेत असाल तर सेमेस्टरचे ६० टक्के दिवस पूर्ण व्हायच्या आत सोडल्यास त्या मदतीचा काही भाग परत जातो, आणि कॉलेज तो तुमच्याकडून मागू शकतं. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यूंची, म्हणजे "विषय मध्येच सोडला" या शेऱ्यांची, रांग लागते ती वेगळीच. एफ-१वर असाल तर डीएसओला न विचारता सोडणं म्हणजे स्टेटसच धोक्यात. तब्येत किंवा मन खरंच सांभाळत नसेल तर "मेडिकल लीव्ह" हा वेगळा दरवाजा असतो, तो डीनच्या ऑफिसात विचारा.

या निमित्ताने एखाद्या फार मोठ्या नावाच्या कॉलेजात शिरता येईल का?

क्वचित. प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि घेतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तशा इतर ठिकाणीही जागा पहिल्या वर्षातून किती जण गळाले यावर ठरतात, आणि तिथून गळतंच कोण! एक अर्ज हौसेने करा. पाचच्या पाच हौसेचे केलेत तर मेमध्ये हातात काही राहणार नाही.

पोर रात्र-रात्र झोपत नाही. काय करू?

पहिल्या वेळी सगळी वर्गातली मुलं एकाच बोटीत असतात, एकाच दिवशी निकाल, एकत्र रडणं. ट्रान्सफरचा अर्ज मूल एकटं करतं, बहुधा गुपचूप, वर चालू सेमेस्टरचा अभ्यास डोक्यावर. शिवाय मन दोन्हीकडे. इथे मैत्री कशाला वाढवायची, आपण जाणारच आहोत. आणि नाहीच गेलो तर इथे आपलं कोण आहे? माझी मुलगी त्या मार्चमध्ये जेवायला मेसमध्ये जायची नाही, खोलीत सिरियल खायची. हे मला सप्टेंबरमध्ये कळलं.

आम्हाला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. अर्ज आठवरून पाचवर आणले, त्या एका निर्णयाने निम्मी कटकट गेली. पोर्टल दिवसातून एकदाच बघायचं, संध्याकाळी सहाला, फोनवर माझ्याबरोबर. निबंध फेब्रुवारीत संपवून बंद. आणि इथलं एक काम तिने सोडलं नाही, शनिवारचं रेडिओ स्टेशन. कॅम्पसवर समुपदेशन केंद्र असतं, पहिल्या काही भेटींना बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, आणि तिथे गेल्याची नोंद ट्रान्सफरच्या कागदांत येत नाही. प्रकरण झोपेपुरतं न राहता "जगण्यात अर्थ नाही"पर्यंत गेलं असेल तर थांबू नका. ९८८ हा नंबर देशभर, चोवीस तास, फोन किंवा मेसेज, २०२२ पासून आहे.

आई-बाबांनी नेमकं काय करायचं?

पैशांचा आकडा एकदाच, सुरुवातीला, स्पष्ट सांगायचा. "तू काळजी करू नको" म्हणून तो लपवला की मूल जास्त काळजी करतं. दर वर्षाला किती देऊ शकतो, जादा सेमेस्टर झालं तर कोण भरणार, कर्ज किती चालेल, हे बोला. "आत्तापर्यंत भरलेले पैसे पाण्यात गेले" हे वाक्य गिळा. आमच्याकडे ते माझ्या नवऱ्याच्या तोंडून एकदाच निघालं, पण मुलगी ते अजून बोलून दाखवते. निबंधाला हात लावू नका. पार्किंगचे दंड, होल्ड्स, फाफ्साचा पासवर्ड, ही हमाली मात्र खुशाल घ्या.

निबंधात जुन्या कॉलेजाबद्दल खरं लिहू का?

खरं लिहा, तक्रार लिहू नका. "इथले प्रोफेसर वाईट" याऐवजी "मला हायड्रॉलॉजी करायचं आहे, इथे त्याचा एकच विषय आहे आणि तो मी केला." वाचणाऱ्याला तुमचं दुखणं नको असतं, तुम्ही त्यांच्याकडे येऊन काय करणार ते हवं असतं.

कुठूनच "हो" आलं नाही तर?

तर ऑगस्टमध्ये जुन्याच कॉलेजात परत जायचं, म्हणून तिथली पुढच्या सेमेस्टरची नोंदणी आणि खोलीचा अर्ज रद्द न करता चालू ठेवायचा. स्प्रिंगसाठी, म्हणजे जानेवारीच्या सेमेस्टरसाठी, प्रवेश देणारीही कॉलेजं असतात, त्यांच्या तारखा ऑक्टोबरच्या आसपास येतात. ओळखीतल्या एका मुलाला चारही ठिकाणांहून नकार आला. तो परत गेला, मेजर बदलला, आणि आता तिथल्याच नव्या मुलांना कॅम्पस दाखवत फिरतो. उलटं चालत, पाठीमागे न बघता. त्याच्या आईला अजून त्याचं नवल वाटतं.

प्रवेश मिळाला! डिपॉझिट आजच भरू?

आज नको, पण तारीख चुकवूही नका. डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही. त्याआधी तीन कागद हातात हवेत. पहिला, क्रेडिटचं मूल्यमापन, आणि ते मेजरच्या डिग्री ऑडिटवर मांडलेलं. ते अजून झालं नाही असं सांगितलं तर "किमान प्राथमिक तरी द्या, मला त्यावर निर्णय घ्यायचा आहे" असं लिहा. मुदत वाढवून मागा, पुष्कळदा देतात. दुसरा, आर्थिक मदतीचा लेखी प्रस्ताव, आणि तो किती सेमेस्टरपर्यंत चालेल ते. तिसरा, राहण्याची सोय. ट्रान्सफरना डॉर्म मिळेलच अशी हमी सगळीकडे नसते, आणि ऑगस्टमध्ये कॅम्पसजवळ खोली शोधणं म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री कोकणची गाडी शोधण्यासारखं.

पहिला कागद आला की त्यात तळाशी जा आणि "इलेक्टिव्ह"समोर किती क्रेडिट लिहिलेत ते आधी बघा.